देवमासे, वॉलरस, सील यांची जुनी कोरीवचित्रे : जमवणाऱ्यांसाठी आणि नुसते बघणाऱ्यांसाठी

ताम्रठसा

जुन्या पुस्तकांतली प्राण्यांची छापील चित्रे जमवणारे इथे बरेच आहेत, पण बहुतेकांची गाडी पक्ष्यांवर आणि फुलांवर थांबते. समुद्री सस्तन प्राण्यांच्या चित्रांकडे फारसे कोणी वळत नाही. वळणारेही "बघा, काय विचित्र काढलंय!" म्हणून पान उलटतात. माझे मत अगदी उलटे आहे. सगळ्या प्राणिचित्रांत वाचायला सर्वांत जास्त काही असेल तर ते याच चित्रांत, म्हणून हा धागा.

हरिण, हत्ती, मोर चित्रकाराच्या समोर उभे राहू शकत होते. देवमासा नाही. सोळाव्या, सतराव्या, अठराव्या शतकातल्या युरोपातल्या चित्रकाराच्या वाट्याला यायचे ते किनाऱ्याला लागलेले, फुगलेले, वाळूवर आपल्याच वजनाने चपटे झालेले धूड. तेही नाही तर मिठात घातलेले एखादे मुंडके, पेंढा भरलेले कातडे, खलाशाने सांगितलेली हकीकत किंवा दुसऱ्या कोणाचे चित्र. त्यामुळे अशा प्रत्येक चित्राला मी पहिला प्रश्न हा विचारतो, की हे काढणाऱ्याच्या पुढ्यात नेमके काय होते? तो सुटला की चित्र बोलू लागते.

एक उदाहरण सविस्तर घेतो. फेब्रुवारी १५९८ मध्ये हॉलंडात काटवाइकजवळच्या किनाऱ्याला एक स्पर्म व्हेल लागला. हेंड्रिक गोल्ट्झियसने त्याचे रेखाटन केले आणि त्यावरून त्याचा सावत्र मुलगा याकोब माथाम याने तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरले. चित्रात व्हेल कुशीवर पडला आहे, खालचा जबडा उघडा आहे आणि भोवती माणसांची ही गर्दी. काही जण अंगावर चढलेत, काही मापे घेताहेत. प्रमाण, त्वचा, जबड्याची अरुंद ठेवण हे सगळे त्या काळाच्या मानाने थक्क करणारे आहे. आता डोळ्याकडे बघा. डोळ्याच्या लगेच मागे कानाच्या पाळीसारखे काहीतरी लोंबते आहे. तो कान नाही, पोहायचा पुढचा पर आहे. खरे तर तो बराच मागे हवा. चित्रकाराच्या मनात डोळ्यामागे कान हे गणित इतके पक्के असणार, की हात आपोआप तिकडे गेला.

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. या चित्राच्या पुष्कळ नकला निघाल्या आणि हा कानासारखा पर त्या नकलांतही उतरला. कुठला व्हेल नंतर नेमक्या कोणत्या किनाऱ्याला लागला याने काही फरक पडत नव्हता, कोरणाऱ्यासमोर १५९८ चेच चित्र होते. चूक जितकी विशिष्ट, तितका चित्राचा वंश शोधणे सोपे.

नकला ओळखायची आणखी एक खूण. छापील चित्र समोर ठेवून कारागीर ते जसेच्या तसे पत्र्यावर कोरतो, आणि छापताना ते उलटे उमटते. त्यामुळे मूळ चित्रात डावीकडे तोंड केलेला सील दुसऱ्या पुस्तकात उजवीकडे बघत असेल, तर बहुधा दुसरे चित्र पहिल्यावरून काढलेले. आरशात धरून दोन्ही जुळवून बघा, रेघन् रेघ सापडते.

तुमच्याकडे असलेली, पाहिलेली चित्रे इथे येऊ द्या. माहिती असो वा प्रश्न.

खडपी

सुंदर सुरुवात. वाचनखूण साठवली. मी मालवणचा, आमच्याकडे गादे म्हणजे डॉल्फिन रोज दिसतात, त्यामुळे एक प्रश्न. डॉल्फिन तर जहाजाच्या बाजूने उड्या मारतो, तो जिवंत बघायला अवघड नाही. मग जुन्या चित्रांत तो कमानीसारखा वाकलेला, डोक्यावर भलतेच कपाळ आणि अंगावर खवले असा का?

ताम्रठसा

खडपी, तो खवलेवाला डॉल्फिन ग्रीक-रोमन शिल्पांतून आणि नाण्यांवरून आलेला. तो नक्षीतला प्राणी आहे, समुद्रातला नव्हे. पण निसर्ग-अभ्यासकांनी त्याला लवकरच बाजूला सारले. फ्रान्सच्या पिएर बेलाँने १५५१ मध्ये मासे आणि डॉल्फिन यांवर पुस्तक छापले, तेव्हा त्याने स्वतः डॉल्फिन फाडून पाहिले होते. लाकडी ठशातले त्याचे चित्र साधे आहे, पण प्राणी ओळखू येतो.

अरे हो, उडी मारताना क्षणभर दिसलेली पाठ आणि शांतपणे मापे घेऊन काढलेले अंग यांत फार अंतर आहे. पाण्याबाहेर किती येते? पाठ, पर, शेपटाची झलक. तुम्ही रोज बघता ना, डोळे मिटून पोटाकडची बाजू काढता येईल का सांगा.

खडपी

नाही येणार. मान्य.

उत्तर_समुद्र

मी गेली काही वर्षे नेदरलंड्समध्ये राहते. ताम्रठसा यांनी सांगितलेले माथामचे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येते. प्रताधिकाराचा प्रश्न नाही. सगळ्यांनी जरूर मोठे करून बघा.

त्याच्याच जोडीला यान सानरेडामचे चित्र बघा. डिसेंबर १६०१ मध्ये बेव्हरवाइकजवळ आणखी एक स्पर्म व्हेल लागला, त्याचे हे चित्र १६०२ चे. समोर काउंट अर्न्स्ट कासिमिर उभा आहे, दुर्गंधीमुळे नाकाला रुमाल लावून. डाव्या बाजूला कागद घेऊन बसलेला चित्रकार स्वतः सानरेडाम. "हे मी प्रत्यक्ष पाहिले" असे सांगण्यासाठी त्याने स्वतःलाच चित्रात बसवले आहे. आणि वरच्या चौकटीत ग्रहणे आणि भूकंप! म्हणजे एकाच कागदावर खाली काटेकोर निरीक्षण आणि वर अपशकुनांची यादी. स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या लढाईचा तो काळ होता. किनाऱ्याला लागलेला देवमासा म्हणजे देशावर येऊ घातलेल्या संकटाची सूचना, असे लोक खरोखर मानत. मला यात विसंगती वाटत नाही. ज्या गोष्टीचा अर्थ इतका मोठा, ती नीट मोजून ठेवावी असेच त्यांना वाटले असेल.

जर्मन चित्रकार ड्यूररची गोष्टही इथलीच. १५२० च्या अखेरीस झीलंडच्या किनाऱ्याला देवमासा लागल्याचे कळताच तो भर थंडीत तिकडे निघाला. पोचेपर्यंत भरतीने देवमासा परत ओढून नेला होता. त्यामुळे ड्यूररचा देवमासा आपल्याकडे नाही. वॉलरसचे मुंडके मात्र आहे, १५२१ चे, शाईने काढून रंगवलेले, ब्रिटिश म्युझियममध्ये.

पानगळ

ड्यूरर म्हणजे तोच गेंडेवाला ना? तो गेंडा तर आपल्या गोव्यातून गेला होता. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीजांना भेट दिला, अल्बुकर्कने १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून लिस्बनला रवाना केला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेल्या वर्णनावर आणि कच्च्या रेखाटनावर त्याने लाकडी ठसा केला. आणि तो गेंडा, पाठीवरच्या जादा शिंगासह, पुढची दोनशेहून जास्त वर्षे युरोपच्या पुस्तकांत फिरत राहिला. काटवाइकच्या कानवाल्या व्हेलचे हे थेट भावंड.

ताम्रठसा

अगदी बरोबर पानगळ. आणि वॉलरसची कथा तर याच्याही पुढची.

१५२० च्या सुमारास नॉर्वेतल्या बिशपने पोप दहावा लिओ याच्यासाठी वॉलरसचे एक मुंडके मीठ लावून पाठवले. वाटेत स्ट्रासबर्गला त्याचे चित्र काढून घेतले गेले. झुरिकच्या कोनराड गेसनरने आपल्या प्राणिकोशाचा जलचरांवरचा खंड १५५८ मध्ये काढला, तेव्हा त्याच्याकडे याच चित्राची नक्कल होती. मुंडके खरे, पण धड चित्रकाराने अंदाजाने जोडलेले. गेसनरने हे लपवले नाही. डोके खऱ्यावरून आहे, बाकी अंग तर्काने, असे त्याने नोंदवून ठेवले. एवढा सचोटीचा संपादक विरळाच. त्याच खंडात दोन नळ्यांतून फवारे सोडणारे, दात विचकणारे देवमासेही आहेत. ते ओलाउस माग्नुसच्या १५३९ च्या नकाशावरून आले. गेसनर कोणाकडून काय घेतले ते सांगतो, आणि वाचकावर सोडतो.

मग वॉलरस जिवंत कधी दिसला? १६१२ मध्ये डच खलाशांनी उत्तरेकडून वॉलरसचे एक जिवंत पिल्लू आणि एक मेलेली मादी हॉलंडात आणली. नकाशे काढणाऱ्या हेसेल गेरिट्सने त्यावरून माय-लेकरांचे चित्र कोरले. ते बघितले की छातीत धस्स होते. सुरकुतलेली जाड कातडी, मिशांचे राठ केस, खाली वळलेले सुळे आणि तिला टेकलेले पिल्लू. गेसनरच्या वॉलरसनंतर ५४ वर्षांनी एकदम खरा प्राणी समोर येतो. मला आख्ख्या या विषयातले एकच चित्र ठेवायला सांगितले, तर मी हे ठेवीन.

उत्तर_समुद्र

लंडनला कोणी असेल तर हॉर्निमन संग्रहालयाच्या वॉलरसची माहिती काढा. एकोणिसाव्या शतकात पेंढा भरणाऱ्याने जिवंत वॉलरस पाहिला नव्हता, म्हणून त्याने सगळ्या सुरकुत्या ताणून जातील इतका भरला. फुग्यासारखा गुळगुळीत. आता विचार करा, कोणी चित्रकाराने तोच समोर ठेवून चित्र काढले असते तर?

शाईवाली

मी छापचित्रण शिकवते, म्हणून तंत्राचे थोडे लिहिते. कारण "कोरीवचित्र" या नावाखाली बाजारात काय वाट्टेल ते खपते.

लाकडी ठसा : जिथे पांढरे हवे तिथले लाकूड काढून टाकायचे, उरलेल्या उंच भागाला शाई लागते. अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येतो, म्हणून गेसनरसारख्यांच्या पुस्तकात चित्र आणि मजकूर एकाच पानावर असतात. रेघा जाड, छाया कमी.

ताम्रपट : इथे सगळे उलटे. टोकदार कोरणीने पत्र्यात खोल रेघ काढायची, पत्र्यावर शाई चोपडायची आणि मग वरची शाई हाताने पुसून टाकायची. शाई फक्त खाचेत उरते. ओलसर केलेला कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून प्रचंड दाबाने काढला, की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. त्यामुळे जुन्या ताम्रपटावर बोट अलगद फिरवलेत, तर रेघ किंचित वर आलेली जाणवते. आणि पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर चारी बाजूंनी दिसतो. सील-वॉलरसच्या केसांसाठी हे तंत्र वरदान आहे. देवमाशाच्या गुळगुळीत कातडीसाठी मात्र कारागिराची कसोटी. गोलाई दाखवायला त्याला समांतर रेघा फुगवत, बारीक करत न्याव्या लागतात. माथामच्या व्हेलच्या पोटावर बघा, हात कुठे अडखळलेला नाही.

तांबे मऊ. छापून छापून पत्रा झिजतो, रेघा पुसट होत जातात. म्हणून एकाच चित्राच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. १८२० नंतर पोलादी पत्रे आले, ते पुष्कळ जास्त प्रती देत, रेघही केसाएवढी बारीक. त्याच सुमारास शिळाछाप बोकाळला. त्यात कोरायचे नाहीच, खास दगडावर तेलकट खडूने काढायचे. शिळाछापाला पत्र्याचा दाब नसतो आणि छायेत खडूचा दाणा दिसतो.

खरे-खोटे तपासायला दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती हल्लीच्या छापखान्यातली नक्कल. जुन्या चित्रात रंग हाताने जलरंगात भरलेला असतो, रेघेच्या बाहेर कुठेतरी गेलेला असतोच.

मधली_आळी

शाईवाली ताई, हे आधी वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते. मी एका दुकानातून "अस्सल १८३० चे" म्हणून सीलचे चित्र घेतले, चौकटीसह. भिंग लावल्यावर सगळे ठिपकेच ठिपके. पैसे तर गेलेच. आता प्रश्न असा, की सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे? खिशाला परवडेल आणि खात्रीचेही असेल असे.

ताम्रठसा

मधली_आळी, चौकटीतले चित्र चौकट उघडून दाखवल्याशिवाय घेऊ नका. पत्र्याचा दाब, कागदाची पाठ, कडा हे सगळे चौकटीत लपते. विकणारा नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचे.

सुरुवातीला विल्यम जार्डिनच्या 'नॅचरलिस्ट्स लायब्ररी' या मालिकेतली चित्रे शोधा. एडिंबराहून १८३३ ते १८४३ दरम्यान ४० लहान खंड निघाले. मध्यमवर्गाला परवडावेत म्हणूनच काढलेले, आणि भरपूर छापलेले. त्यात रॉबर्ट हॅमिल्टनचे दोन खंड आपल्या कामाचे : देवमाशांवरचा १८३७ चा, आणि सील, वॉलरस, समुद्रगाय यांच्यावरचा १८३९ चा. कोरणारा विल्यम होम लिझार्स. हाच तो, ज्याने ऑड्युबनच्या प्रचंड पक्षिचित्रांतली पहिली दहा चित्रे कोरली होती. या मालिकेची ओळख सोपी : प्राणी तेवढा हाताने रंगवलेला आणि मागचा समुद्र, बर्फ, खडक नुसत्या काळ्या रेघांत सोडलेले. खाली कोपऱ्यात लिझार्सचे नाव. आकार तळहाताहून थोडा मोठा. म्हणून पानभर मोठे "जार्डिन" कोणी दाखवले तर सावध व्हा.

त्या १८३९ च्या खंडाची एक गंमत. सील आणि वॉलरसच्या शास्त्रशुद्ध वर्णनांनंतर शेवटी महासर्प आणि क्रॅकन यांच्यावरही प्रकरणे आहेत. जहाजाला विळखा घालणाऱ्या राक्षसी माखलाचे रंगीत चित्र याच खंडातले. हॅमिल्टन भोळा नव्हता. खोल समुद्रात काय आहे हे त्या पिढीला खरेच ठाऊक नव्हते, आणि दार लावून टाकण्यापेक्षा त्याने ते उघडे ठेवले.

निमखारा

थोडा विरोधी सूर लावतो. चुका असलेल्या चित्रांचे इतके कौतुक कशाला? विज्ञानाच्या दृष्टीने किंमत आहे ती बरोबर चित्रांना. स्कोर्स्बीने १८२० मध्ये 'आर्क्टिक प्रदेशांचा वृत्तान्त' दोन खंडांत काढला, त्यातला ग्रीनलंड व्हेल बघा. अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे डोके, वर कमानदार जबडा, सगळे मापात. कारण हा माणूस लहानपणापासून वडिलांबरोबर व्हिटबीहून व्हेलच्या शिकारीला जात होता. पुढे अनेक पुस्तकांनी त्याचेच चित्र उचलले. किंवा चार्ल्स स्कॅमनचे १८७४ चे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्री सस्तन प्राण्यांवरचे पुस्तक घ्या. त्यातले ग्रे व्हेल आजही जीवशास्त्रज्ञ उघडून बघतात.

ताम्रठसा

निमखारा, दोन्ही उदाहरणे चोख आहेत, आणि माझा मुद्दा त्यांनीच पुढे जातो. स्कोर्स्बी आणि स्कॅमन यांच्या पुढ्यात काय होते? शेकडो व्हेल, कारण दोघेही शिकारी जहाजांचे कप्तान. स्कॅमनने बाहा कॅलिफोर्नियातली ती खाडी शोधली, जिथे ग्रे व्हेल पिलांना जन्म द्यायला येतात. त्यानंतर तिथे जी कत्तल झाली तिने ही जात संपत आली. आणि त्यांचे वागणे, पिलांसाठी आईने केलेला सामना, श्वास, स्थलांतर हे सगळे इतक्या आस्थेने लिहिले तेही त्यानेच. ती बरोबर चित्रे आपल्याला मिळाली ती या मार्गाने. मी ती भिंतीवर लावतो, पण हे विसरून लावू शकत नाही.

आणि चुकांचे मी कौतुक करत नाही. चुका मला वाट दाखवतात.

पानगळ

पूर्ण सहमत. यावरून श्टेलरची समुद्रगाय आठवली.

नोव्हेंबर १७४१ मध्ये रशियन मोहिमेचा प्रमुख बेरिंग याचे जहाज एका निर्जन बेटावर आदळले. डिसेंबरात बेरिंग तिथेच वारला. बरोबरचा जर्मन निसर्गवैज्ञानिक गेऑर्ग श्टेलर मात्र वाचला. त्या बेटाभोवती समुद्रशेवाळ चरणारे अजस्र, दात नसलेले, निरुपद्रवी प्राणी त्याला दिसले. डुगाँगचे नातेवाईक, पण आठ मीटरच्या आसपास लांब. उपाशी खलाशी ते मारून जगले. श्टेलरने १७४२ च्या उन्हाळ्यात एका मादीची मापे घेतली, आतडी-जठरापर्यंत सगळे लिहून काढले. जिवंत समुद्रगाय पाहून तिच्यावर लिहिणारा निसर्गवैज्ञानिक हा एकच. सोबत्याकडून त्याने चित्रेही काढून घेतली होती, ती हरवली. श्टेलर १७४६ मध्ये वारला, त्याचे लिखाण सेंट पीटर्सबर्गला १७५१ मध्ये छापले गेले. आणि १७६८ पर्यंत समुद्रगाय संपली. शोध लागल्यापासून अवघ्या २७ वर्षांत.

म्हणजे समुद्रगाईची जी कोरीवचित्रे बाजारात दिसतात, ती काढणाऱ्याच्या पुढ्यात फक्त मजकूर होता, फार तर त्याच मोहिमेतल्या अधिकाऱ्याने नकाशाच्या कडेला काढलेले चिमुकले रेखाटन. ताम्रठसांचा प्रश्न इथे लावला की उत्तर ऐकवत नाही.

खडपी

सत्तावीस वर्षे. बाप रे.

विषय थोडा घराकडे आणतो. आपल्या समुद्रातल्या प्राण्यांची अशी जुनी चित्रे आहेत का? की सगळे उत्तर ध्रुवाकडचेच?

प्रवाळ

आहेत. मी सागरी जीवशास्त्रात काम करते, आमच्या अभ्यासात ही जुनी पाने अजून लागतात. जातीचे नाव ज्या नमुन्यावरून दिले, त्याचे पहिले वर्णन आणि पहिले चित्र प्रमाण मानले जाते.

पहिले गंगेतल्या डॉल्फिनचे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०१ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात त्याचे वर्णन दिले, सोबत चित्र. लांब चिमट्यासारखी चोच, बाहेर आलेले दात आणि जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा डोळा. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांचा उपयोग नाही, ते चित्रातही जाणवते. पुढे इंडियन म्युझियमचे पहिले अधीक्षक जॉन अँडरसन यांनी १८७८ मध्ये याच डॉल्फिनवर आणि इरावतीतल्या डॉल्फिनवर मोठा ग्रंथ काढला. त्यातली सांगाड्याची, कवटीची चित्रे अप्रतिम आहेत.

दुसरे तर मराठी माणसाला जवळचे वाटावे. वॉल्टर एलियट हे मद्रास इलाख्याचे अधिकारी. तरुणपणी धारवाडकडे, दक्षिण महाराष्ट्र म्हणत त्या मुलखात नेमणुकीला होते. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात ते राणी चेन्नम्मांच्या लोकांच्या कैदेतही होते. त्यांनी १८३९ मध्ये त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, ती अजून उल्लेखली जाते. पुढे विशाखापट्टणमला असताना त्यांनी किनाऱ्यावर मिळालेल्या डॉल्फिन-व्हेलच्या कवट्या आणि चित्रे लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे पाठवली. ओवेन यांनी १८६६ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात ती छापली. इरावती डॉल्फिन आणि बुटका स्पर्म व्हेल या दोन जाती विशाखापट्टणमच्या या नमुन्यांवरून जगाला माहीत झाल्या. ती चित्रे मुळात एलियट यांनी भारतीय चित्रकाराकडून ताज्या प्राण्यावरून काढून घेतलेली. लंडनच्या शास्त्रज्ञांच्या हाती कवटी आली, पण मांस, रंग, ओठांची ठेवण पाहिली ती आपल्या चित्रकाराने.

त्याचे नाव कुठेच छापलेले नाही.

शाईवाली

प्रवाळ, शेवटची ओळ वाचून थांबले. कंपनीकाळातल्या किती प्राणिचित्रांचे असे झाले आहे. तंजावरला सरफोजी राजांनीही प्राणी-पक्ष्यांची चित्रे करून घेतली. तिथेही राजांचे नाव आहे, साहेबांचे नाव आहे, रंगवणाऱ्याचे नाही.

खडपी

आणि आमचा गादा?

प्रवाळ

सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन. त्याचे वर्णन पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये केले, शिशासारख्या करड्या रंगाचा म्हणून. नमुना द्युस्युमिए नावाच्या फ्रेंच व्यापारी-प्रवाशाने मलबार किनाऱ्यावरून नेला होता. क्युव्हिए यांनी त्याच वर्षी पर नसलेल्या पाठीच्या पॉरपॉइजचेही (डॉल्फिनसारखा, पण लहान आणि बिनचोचीचा प्राणी) वर्णन केले आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळचा म्हटला. तिकडे तो प्राणी नाहीच. नमुना बहुधा मलबारचाच असावा, असे आता मानतात. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याचे दोन प्राणी पॅरिसच्या कपाटात जाऊन बसले, त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर गाव भलतेच.

खडपी

हे आमच्या पोरांना दाखवायला हवे. आमच्याकडच्या शाळेत एक भिंत मोकळी आहे. ओवेनची ती पाने कुठे मिळतील?

प्रवाळ

'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर. ओवेन, अँडरसन, हॅमिल्टन, स्कोर्स्बी, स्कॅमन सगळे फुकट. चित्राचे पान उघडून मोठ्या आकाराची प्रतिमा उतरवायची.

मधली_आळी

एक शंका. विकायला येणारी सुटी चित्रे शेवटी पुस्तकातूनच काढलेली असणार ना? म्हणजे आपण घेतो म्हणून पुस्तके फाडली जातात?

ताम्रठसा

हो, आणि हा प्रश्न टाळू नये. सुट्या चित्रांची बेरीज पूर्ण खंडाच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून धडधाकट पुस्तके उसवली जातात. माझा नियम सांगतो. जी चित्रे मुळातच सुटी निघाली (माथाम, सानरेडाम यांची तशीच विकली गेली) ती घ्यावीत. किंवा आधीच मोडलेल्या, वाळवीने खाल्लेल्या खंडातली. पूर्ण खंड दाखवून "कुठले पान हवे ते काढून देतो" असे कोणी म्हणाला, तर शक्य असल्यास खंडच घ्यावा, नाही तर काही घेऊ नये. एडवर्ड टायसनने १६८० मध्ये लंडनला एक पॉरपॉइज फाडून त्यावर छोटी पुस्तिका छापली. बाहेरून पाहिले तर याच्याइतका मासा दुसरा नाही आणि आत पाहिले तर याच्याइतका मासा नसलेला दुसरा नाही, अशा अर्थाचे त्याचे वाक्य आहे. पुस्तिकेतली चित्रे त्या मजकुरावाचून अर्धी आहेत. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे बघत त्या वाक्यापर्यंत यायचे असते. लिनियसने देवमाशांना सस्तन प्राण्यांत घातले ते १७५८ मध्ये, म्हणजे त्यानंतर ७८ वर्षांनी.

उत्तर_समुद्र

पुढच्या भेटीत भारतात काही घेतले तर इकडे आणता येईल का?

ताम्रठसा

१०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. तुमच्या चित्राला तो लागू होतो का हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी लेखी विचारा. विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

शाईवाली

जतनाचे राहिले. आपल्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. लॅमिनेशन कधीही नको, चिकटपट्टी नको. आम्लविरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून चित्र त्यात बसवायचे, काचेला टेकू द्यायचे नाही. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगायचे नाही. ठिपके घालवण्यासाठी घरी ब्लीच वगैरे लावू नका, हाताने भरलेला रंग आधी जातो.

खडपी, शाळेसाठी मूळ चित्राची गरजच नाही. प्रतिमा उतरवा आणि जाड मॅट कागदावर छापून घ्या, चकचकीत कागदावर बारीक रेघा दिसत नाहीत. छाप मूळ आकारात एक आणि दुप्पट आकारात एक असे दोन्ही काढा, म्हणजे मुलांना जवळ जाऊन रेघा मोजता येतील. फाईल पाठवलीत तर मी छपाईला योग्य आहे का ते बघून देते.

खडपी

पाठवतो. प्रवाळ ताई, प्रत्येक चित्राखाली चार ओळी मराठीत लिहून द्याल का? प्राणी कोणता, कुठे मिळाला, कोणी वर्णन केले. आणि विशाखापट्टणमच्या चित्रांखाली "चित्र : एक भारतीय चित्रकार" असे लिहू या.

प्रवाळ

देते. रविवारपर्यंत.